उंटाला तहान लागते

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमचा असा राग आला की हातातलं पातेलं आपटलं मी. धाकटीची लेक सुट्टीला तामलवाडीला आलीय. शाळेनं तिला उंट आणि निळा मकाव यांची तुलना करायला सांगितलीय. मकाव म्हणजे लांबच्या जंगलातला लई दुर्मिळ पोपट, माणसं त्याला जिवापाड जपतात म्हणे. मी भाकरी थापतेय, ती वाचतेय. मधेच म्हणते, "मावशी, उंटाच्या कुबडात पाणी नसतंच, चरबी असती. पाणी दिसलं की तो घटाघटा पितो."

आणि तुम्ही? जन्मभर उलटंच सांगत आलात. धाकटी गोरी, नाजूक, ती तुमचा पोपट. मी काळी, उंच, म्हणून उंट. हापशावरनं घागरी मी आणायच्या. दहावीला माझी शाळा सोडवलीत, अन् धाकटीला धाराशिवला कॉलेजात घातलंत. मी रडले तर आईला म्हणालात, "उंट हाय ती. तिला तहान लागत न्हाय." येरमाळ्याच्या जत्रेत तर कहर केलात. धाकटीला उंटावर बसवलं, मी पुढं झाले तर चारचौघांत म्हणालात, "तू कुठं चाललीस? उंटावर उंट बसतोय व्हय?" लोक खदाखदा हसले. मी तिच्या चपला हातात धरून उन्हात उभी होते.

धाकटीवर राग न्हाय माझा. ती म्हणते, "आक्का, पोपटाला तरी कोण विचारतं गं? बोल म्हटलं की बोलायचं." तिचं दुखणं तिच्यापाशी. पण तुम्ही, अण्णा! शेवटच्या आजारपणात पाणी मागायला बरी मी आठवायची. "थोरले, घोटभर दे." दिलं, दर वेळी उठून दिलं. तू प्यायलीस का, हे एकदा विचारलं असतंत तर जीभ झडली असती का तुमची?

हे पत्र धाडायचं तरी कुठं? उद्या चुलीत जाईल. तरी सांगते. गेल्या आठवड्यात पोरीला जत्रेत नेलं होतं. तिला वर बसवून उंटवाला म्हणाला, "ताई, तुम्ही बी बसा की." मी म्हटलं, "ह्या वयात कुठं आता," आणि पोरीच्या चपला हातात घेतल्या.

बसायचं होतं, अण्णा. लई बसायचं होतं.