म्यानाला मिळालेली निळी फीत

ओक हॉलो, आर्कान्सा
९ नोव्हेंबर १९७९

आदरणीय दादास,

धाकट्या डेलमरचा वाकून नमस्कार. (‘आदरणीय’ इर्माने लिहायला लावलं. वाकणं माझं स्वतःचं आहे, कारण कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? ओपलवहिनींचे नवे दात बसले का, की अजून पर्समध्येच फिरतात? इकडे आम्ही सगळे ठीक. इर्माचं डोकं दुखतं, पण त्याचं कारण मी आहे असं डॉक्टरांचं मत पडल्यामुळे औषध मिळालेलं नाही. आई ठणठणीत. तिला विचारलं, दादाला लिहितोय, काही निरोप? तर म्हणाली, “लिही, अजून मेले नाही म्हणावं. खात्री करायची असेल तर येऊन बघ.” निरोप जसाच्या तसा पोचवला आहे.

बाबांच्या दफनानंतरच्या जेवणातून तू बटाट्याच्या सॅलडचं भांडं काखोटीला मारून तल्साला निघून गेलास, त्याला आता सहा वर्षं होतील. भांडं तुमचं होतं हे मान्य, पण सॅलड आमचं होतं. असो. ते उकरून काढायला हे पत्र नाही. आणि सुरुवातीलाच स्पष्ट करतो की मला तुझ्याकडून काहीही नको आहे. म्यान तर नकोच नको.

आता म्यानाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बाबांनी जाताना खापरपणजोबा रॅन्समचा सुरा मला ठेवला आणि माळ्यावरच्या पेटीत सापडलेलं त्याचं म्यान तुला. तू भर पंगतीत, पाद्रीबुवांच्या देखत ओरडलास, “दाणा याला आणि टरफल मला! लहानपणापासून हेच चाललंय या घरात!” पाद्रीबुवांच्या घशात कोंबडीचं हाड अडकलं होतं, त्यामुळे त्यांना मध्ये पडता आलं नाही. त्यानंतर मी तो सुरा काचेच्या पेटीत लाल मखमलीवर ठेवला, आणि (इथेच घात झाला) जुन्या सुऱ्यांच्या संग्राहकांच्या मंडळात नाव घातलं.

दादा, ही जमात तू पाहिली नाहीस. इंचभर रुंद मनाची आणि हातभर लांब सुऱ्यांची माणसं. शनिवारी एखाद्या सभागृहात टेबलं मांडून बसतात आणि एकमेकांच्या सुऱ्यांचा वास घेतात. खरंच, नाकाला लावून घेतात. पातं काळं, डागाळलेलं असेल तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि कुणी ते घासून लख्ख केलं तर दुसऱ्याची बायको पळवल्यासारखा बोभाटा होतो. (आई एकदा काचेची पेटी उघडून, चुलीतली राख घेऊन बसलेली सापडली. मी तिला उचलून बाजूला ठेवलं. तेव्हापासून ती माझ्याशी कुत्र्यामार्फत बोलू लागली.) प्रत्येकाच्या सुऱ्याने निदान दोन माणसं आणि एक अस्वल मारलेलं असतं. जुन्या काळी वस्तीच्या सरहद्दीवर इतकी माणसं राहत तरी होती का, याचा हिशेब कुणी करत नाही. आपलंही त्यातलंच. बाबांच्या तोंडून रॅन्सम खापरपणजोबा आणि नदीकाठचं अस्वल मी शंभरदा ऐकलं असेल, आणि दर वेळी अस्वल फूटभर वाढलेलं असायचं.

पण मी टेबलावर सुरा मांडला की येणारा प्रत्येक जण एकच विचारी, “म्यान कुठाय?” नवरदेव एकटाच बोहल्यावर उभा असावा तसे बघायचे. म्यानाशिवाय सुऱ्याला त्या लोकांत काडीची किंमत नाही. तुझ्याकडे मागायचा प्रश्नच नव्हता, मलाही स्वाभिमान आहे. तेव्हा मी म्यान स्वतःच करायचं ठरवलं. (फसवणूक म्हणू नकोस. मंडळात याला ‘जुळवाजुळव’ म्हणतात.)

जुनं चामडं हवं होतं. गोठ्यात बाबांचे ते गुडघ्यापर्यंतचे शिकारीचे बूट खुंटीला होते. काढून बघतो तर डाव्या बुटाची वरची नळी आधीच कुणीतरी साफ कापून नेलेली! हे तुझंच काम असं मला वाटलं आणि तुला दोन शिव्या घातल्या. (त्या परत घेतल्या आहेत, कारण पुढे येईलच.) मग मी उजव्या बुटाची नळी कापली आणि शिवायला बसलो. बोटं इतक्यांदा टोचली की इर्मा म्हणाली, रक्ताचे डाग तरी अस्सल झाले. नंतर ते कॉफीत उकळलं, डुकराची चरबी चोळली आणि जून व्हावं म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यात पुरलं. दुसऱ्या दिवशी आपला सिनेटर (हा कुत्रा, नाव पडलं कारण दिवसभर झोपतो आणि जेवायच्या वेळी भाषण करतो) ते उकरून घेऊन गेला आणि आठवडाभर उशाला घेऊन, चावत पडला. मी ओढून आणलं तेव्हा त्यावर त्याच्या दातांची चांगली नक्षी उठली होती. आईने ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि कुत्र्याला म्हणाली, “सिनेटर, याला सांग, टाके याच्या बापापेक्षा वाकडे आलेत.” मी लक्ष दिलं नाही.

गेल्या शनिवारी टेक्सारकानाला सुऱ्यांचं प्रदर्शन होतं. परीक्षक थर्मन प्रुइट. हा गृहस्थ डोळ्याला भिंग बांधूनच जन्मला असावा. एखाद्या सुऱ्याला ‘खोटा’ म्हणाला की त्याचा मालक बाहेर जाऊन ट्रकमध्ये रडतो. माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने आधी म्यान उचललं. त्याने वास घेतला. (खुराड्याचा असणार.) डोळे मिटले. मग कापऱ्या आवाजात म्हणाला, “मंडळी, टोप्या काढा.” आणि दादा, त्यांनी काढल्या! प्रुइट सांगू लागला, हे चामडं दीडशे वर्षांपूर्वीचं. शिवणारा खोगीरवाला नव्हे, साधा सरहद्दीवरचा माणूस. हात अडाणी पण मन मोठं. (मन मोठं हे त्याला कुठल्या टाक्यात दिसलं देव जाणे.) मग भिंग सिनेटरच्या दातांच्या नक्षीवर येऊन थांबलं. “अस्वल,” तो म्हणाला. “तरुण. बहुधा मादी.”

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

त्यानंतर त्याने सुरा उचलला आणि नाक मुरडलं. म्हणे पातं इंग्लंडातल्या शेफिल्डचं, जहाजांतून पेट्या भरभरून यायची तसलं, काळ बरोबर आहे. पण याने अस्वल सोडा, ससाही पाहिलेला नाही. हा खाटकाचा सुरा, डुकरं कापण्याचा. पातं मध्येच खोलगट झिजलंय, म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात मातीच्या बरणीच्या काठावर घासून धार लावलीय. मी आवाज चढवून म्हटलं, माझ्या खापरपणजोबांनी याने अस्वल मारलं! प्रुइट थंडपणे म्हणाला, “मारलं असेल, पण म्यानाने.” सगळं सभागृह हसलं. म्यानाला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली. सुऱ्याला काही नाही. वर एक जण विचारायला आला, म्यान एकटं विकणार का, सुरा नकोय.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात बसलो आणि रॅन्समची, अस्वलाची, खानदानाची अशी एकेकाची अब्रू कशी गेली ते सांगितलं. आई इतकी हसली की टेबल धरून बसावं लागलं. कुत्र्याला सोडून थेट माझ्याशी बोलली. म्हणाली, “अरे येड्या, ती बरणी ही काय, फळीवर आहे. माझ्या लग्नापासून तू मखमलीवर नेऊन ठेवेपर्यंत दर थंडीतली डुकरं त्या सुऱ्यानेच कापलीत. मला मागणी घालायला आला तेव्हा तुझ्या बापाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून अस्वल काढलं. मी तेव्हाच ओळखलं. पण सांगताना गोड दिसायचा.”

“आणि म्यान?” मी विचारलं.

“त्या सुऱ्याला म्यान तुम्ही कधी पाहिलंत लहानपणी? चुलीवरच्या खिळ्याला नागडाच लटकायचा.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात डावा बूट पेटला. आईने सगळं सांगितलं. शेवटच्या हिवाळ्यात बाबांना दम लागायचा, अंथरुणातून उठवत नव्हतं. पण घरात सुरा एक आणि मुलगे दोन. थोरला रागीट आहे, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवू, असं घोकत बसायचे. मग आईकडून डावा बूट मागवून घेतला आणि चुलीपाशी घोंगडं पांघरून, थांबत थांबत, सगळा हिवाळा ते म्यान शिवत बसले. माळ्यावरची पेटी वगैरे अर्थातच थाप. अस्वलानंतरची त्यांची दुसरी मोठी थाप. त्यांना वाटलं होतं, सुरा एकाकडे, म्यान दुसऱ्याकडे, म्हणजे पहिला गारठा पडला की डुकरं कापायला दोघं एकत्र येतीलच. आई म्हणते, “मी तेव्हाच त्याला सांगितलं होतं, ती दोघं तुझी पोरं आहेत, नाही येणार.”

दादा, सहा वर्षं तू टरफल मिळालं म्हणून बसला आहेस आणि मी दाणा मिळाला म्हणून मखमल घासतोय. मला दिलेली वस्तू त्यांनी खिळ्यावरून काढली आणि दिली, झालं. तुला दिलेलं त्यांनी दम लागलेल्या छातीने टाका टाका करून शिवलं. त्या रात्री मला तुझा एवढा हेवा वाटला की इर्माला उठवून सांगावं लागलं. ती म्हणाली, हे मला नको, त्याला लिही.

म्हणून लिहिलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, भांडं तुमच्याकडेच राहू दे.

तुझा धाकटा,
डेलमर

ता. क. गारठा पडलाय. पुढच्या शनिवारी डुकरं कापायची आहेत. आईचं म्हणणं, धरायला दोन माणसं लागतात, आणि मी फार तर पाऊण आहे.

ता. क. निळी फीत सिनेटरच्या गळ्यात बांधली आहे. काम त्याचं होतं. काचेची पेटी रिकामी आहे. आईने सुरा पुन्हा खिळ्याला लावला आणि राखेने इतका लख्ख घासला की प्रुइटला झीट येईल.

ता. क. सुरुवातीला काहीही नको म्हणालो ते खोटं होतं. (घराण्याची रीत.) येताना म्यान घेऊन ये. आपण अदलाबदल करू. सुरा तू घे, तुला पहिल्यापासून हवा होता. बाबांनी शिवलेलं म्यान मला दे. विचार करून सांग. तुझ्या जागी मी असतो तर दिलं नसतं.