दाराआडून ऐकलेला अंकुश

सौ. गोजरास, अमरावतीहून नानाजीचा नमस्कार.

आपला अंकुश जेवून झोपला आहे, घाबरू नको. त्याच्यासमोर फोनवर बोलता येत नाही, म्हणून ही चिठ्ठी रिसोडच्या बसनं पाठवतो.

दोन विषयांत नापास काहून झाला, हे विचारायला होस्टेलवर गेलो. दाराआडून त्याचाच आवाज आला, "आई, मी मजेत हाव वं!" फोन लावायच्या आधी, तालीम केल्यासारखा तीनदा म्हणला, दर खेपेला जास्त हसून. मंग त्यानं तुले फोन लावला. बाजारात आवाजावरून माणूस ओळखणारा मी, अन् पोटचा पोरगा मले ऐकू आला नाही!

त्याले डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणले, हे नैराश्य आहे. वाचलेलं डोक्यात थांबत नाही, म्हणून मार्क घसरले. उपचारानं बरं होते. अन् मी त्याले आळशी म्हणत राह्यलो!

त्याचा फोन आला की मार्काचं नाव काढू नको. रडला तर रडू दे, फोन तेवढा ठेवू नको.

तुझा,
नानाजी