विहीणबाईंचा नळ

प्रिय जॅक्सन,

प्रिय लिहिलंय ते शाळेत तसं शिकवलं होतं म्हणून. चौथीपर्यंत गेले, त्यातलं तेवढंच लक्षात राहिलं. बाकी मी आतून तापलेली आहे. फोनवर बोलायला घेतलं की तू 'हो गं आय, बघतो' म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून आता लिहूनच पाठवते.

इथं वटारात सगळं ठीक आहे. केळीला घड चांगले लागलेत. तुझ्या पप्पांचा गुडघा दुखतो, पण ते बोलत नाहीत, मीच त्यांच्या वाट्याचं बोलते. वाडीतला नळ आता गळत नाही. उपासाच्या दिवसांत गळायला लागला होता, तेव्हा मी तुला फोन केला होता. तू काय म्हणालास आठवतं? 'प्लंबर बोलव, मी जीपे करतो.' तुला प्लंबरचं विचारायला मी फोन केला नव्हता रे. वटारात प्लंबर मिळत नाहीत असं मला वाटत होतं का?

तर मीच बसले दुरुस्त करायला. नळ बंद करून त्याच्या तोंडाला बोट लावलं, कोरडं. म्हणजे वायसर चांगला. उघडून फिरवायच्या मुठीखाली बघितलं, तिथूनही पाणी नाही. पण टाकी भरून ठेवली तर सकाळपर्यंत अर्धी, आणि नळाच्या बुडाशी अळू नुसतं माजलेलं. म्हणजे जमिनीतला जोड गेला. खणलं, पाइपच्या वळणावरचा एल्बो चिरलेला निघाला, तो बदलला. पप्पा खुर्चीत बसून सांगत होते, 'बेट्टी, हळू, पाइप फुटेल.' म्हटलं, तुम्ही बसलाय तिथंच बसा.

हे सगळं तुला मीच शिकवलं होतं. पप्पा कंपनीत दोन-दोन पाळ्या करायचे, प्लंबर आज येतो म्हणून चार दिवसांनी यायचा, आणि मला वाट बघणं जमत नाही. हत्यारांची पिशवी घेऊन मी बसायची आणि तू शेजारी चिखलात. कुठून गळतंय ते कळल्याशिवाय पाना उचलायचा नाही, हे माझं वाक्य. आणि पितळी नटाला पकड लावायची नाही, पकडीचे दात नट खातात, पानाच लावायचा. एकदा तू पकड लावलीस तर मी तुझ्या हातावर मारलं होतं. नंतर कधी लावली नाहीस.

आणि मग मला कुणाकुणाकडून काय ऐकू येतं? चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर बायका सांगतात, 'बेट्टी, तुझा जॅक्सन दर रविवारी भुईगावला, सासूचा नळ नीट करत बसलेला असतो.' दर रविवारी! विरारहून भुईगावला जाताना तुझी स्कूटर आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. मला तिचा आवाज ओळखू येतो. हातातलं काम सोडून मी उभी राहते आणि आवाज पुढं निघून जातो. पप्पांना म्हटलं तर म्हणतात, 'तिथं त्याला कुणी ओरडत नाही.' दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही मी.

तुझ्या सासूचा मला हेवा वाटतो, लिहूनच टाकते. सुझानबाई गोड बोलतात. जावयाला पाटावर बसवून बोंबिल तळून घालतात. मी तुला बोंबिल घातले नाहीत का? घातले, पण काटे नीट काढ म्हणून ओरडत घातले.

मे महिन्यात त्यांच्या गल्लीतल्या क्रुसाजवळ प्रार्थना होती, मला बोलावणं आलं. तुम्ही नवरा-बायको नव्हता, ब्रिटनीला सुट्टी नव्हती म्हणे. मी गेले. खरं सांगायचं तर प्रार्थनेसाठी नाही गेले, तो नळ बघायला गेले. पाय धुवायचे म्हणून सरळ वाडीत. मूठ फिरवली तर मुठीखालून असा फवारा उडाला की माझी नवी साडी चिंब. सुझानबाई धावत आल्या. 'राहू द्या विहीणबाई, हात नका लावू, उद्या रविवार, जॅक्सन येतोय. सोन्याचे हात आहेत हो पोराचे!' मला म्हणतात! ते हात कुणी घडवले?

पण मी नट बघितला, जॅक्सन. मुठीखालचा नट दोन आटे सैल. पाणी अडवायचा आतला धागा नवा, तूच भरलेला, छान घट्ट वळलेला. असा भरलेला नट आठ दिवसांत आपोआप सुटत नाही. आणि नटावर पकडीचे दात उमटलेले, ताजे, पितळ चकाकत होतं. माझा मुलगा पकड लावत नाही. मग कुणी लावली?

मी वळून विचारलं, 'सुझानबाई, पकड कुठाय तुमची?' बाई लाल झाल्या. आधी म्हणाल्या, 'कसली पकड?' मी नटावरच्या दातांच्या खुणेवर बोट ठेवलं. मग कांद्याच्या टोपलीतून काढून दाखवली. म्हणाल्या, 'ब्रिटनी म्हणते, मम्मी, काही काम असलं तर सांग, येऊ. नसलं तर येत नाहीत हो. एकटीला घर खायला उठतं. शनिवारी थोडा सैल करते, एवढंच.'

बाहेर क्रुसापाशी बायका जमलेल्या. एका हाकेत सगळ्या भुईगावला कळलं असतं. जीभ वळवळत होती माझी. पण तोंडातून निघालं काय, तर 'पकडीनं नट खराब होतो, पाना घ्या.' पाना कसा धरायचा तेही दाखवून आले. घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडले होते.

आता माझा राग गेला असं समजू नकोस. उलट वाढला. एवढी साधी गोष्ट तिला सुचली आणि मला सुचली नाही! आणि सुचली तरी काय? दुसऱ्या दिवशी सकाळी मीही पाना घेऊन आपल्या नळापाशी बसले. नटाला लावलासुद्धा. हात फिरेना. चांगला चाललेला नळ आपल्याच हातानं बिघडवायचा, हे मला जमत नाही. पप्पा खिडकीतून बघत होते. मग चहा त्यांनीच केला.

सुझानबाईंना तू काही विचारायचं नाहीस. ब्रिटनीलाही सांगू नकोस. दर शनिवारी म्हातारी नट सोडते ते सोडू दे, तू जाऊन आवळ. त्यांच्याकडं जाणं बंद कर म्हणून हे पत्र नाही. वाटलं होतं तसंच लिहावं, पहिला कागद फाडला.

या रविवारी आधी आमच्या गल्लीत वळ. दोघंही या. इथं काही बिघडलेलं नाही, नळ बघायचा नाही, पिशवी आणायची नाही. बिनकामाचा ये. मी ओरडेन, ते तू ऐकून घे.

ओरडली तरी तुझीच,
आय