अकरा जणांची न्याहारी

मंगळवार, ६ मे

आजपासून मळ्यात तोडणीला अकरा जण. आणि टोस्टर एकच! बेव्हनला म्हटलं, दुसरा आण. "बघू, व्हर्ना." मुकादमाचं 'बघू' म्हणजे नाहीच.

पहाटे साडेपाचला दार उघडायचं, सहाला ट्रक. वीस मिनिटांत सगळ्यांची पोटं भरायची आणि ती दुपारपर्यंत टिकायची, म्हणून टोस्टच बरा. शेडमधला मॅकाडेमियाच्या बियांचा चुरा आणते, भाजते, गरम असतानाच वाटते — त्याचं छान सैलसर लोणी होतं. ते पावावर जाड फासायचं, वर अवोकाडोच्या फोडी, लिंबू, मीठ, मिरी. हातात धरून ट्रकमध्ये चढता येतं.

नवी मुलगी आली. डेन्मार्कची. सिग्ने नाव. एकवीसची असेल. आल्या आल्या स्वयंपाकघरात — "दाणे, बदाम, मॅकाडेमिया, काहीच चालत नाही मला. कणभरसुद्धा नाही. जिवावर बेततं."

"अगं मग याच मळ्यात कशाला आलीस? अर्धी झाडं मॅकाडेमियाची आहेत इथे!"

"मी अवोकाडोच तोडणार. आणि झाडं काही चावत नाहीत."

तिच्यासाठी वेगळी फळी, वेगळी सुरी काढून ठेवली. तिच्या टोस्टवर नुसता अवोकाडो.

शुक्रवार, १६ मे

सेमिसी आणि सिग्नेची दिवसभर जुगलबंदी चालते. तो टोंगाचा, तिसरा हंगाम त्याचा इथे, घरी बायको आणि दोन मुली. मला मावशी म्हणायला त्यानेच सुरुवात केली, आता सगळेच म्हणतात.

आज म्हणाला, "मावशी, ही पोरगी फळ तोडत नाही, झाडाची माफी मागते."

ती — "तू तोडतोस तेव्हा झाड पोलिसांना हाक मारतं!"

इतकं हसले सगळे. मीही.

मंगळवार, २७ मे

सिग्ने गेली. काल सकाळी.

गुरुवार, २९ मे

थोडं लिहिते.

सोमवारी पाऊस येणार म्हणून बेव्हनने ट्रक अर्धा तास आधी काढला. मळ्यात उतरून पंधरा मिनिटं झाली नसतील, तिने शिडीवरून सेमिसीला हाक मारली म्हणे. ओठ सुजलेले, श्वास लागेना. अशा वेळी टोचायचं इंजेक्शनचं पेन खोलीवर राहिलेलं — घाईत! सेमिसी धावत गेला, धावत आला, टोचलं. तोवर उशीर झाला होता. रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं.

कामगार सुरक्षा खात्याची बाई आली होती. एकेकाला बसवून विचारलं, तिने काय खाल्लं. सेमिसी स्वतःहून म्हणाला, ट्रकमध्ये मी तिला माझ्या बिस्किटातलं अर्धं दिलं. वेष्टन खिशातच होतं त्याच्या. मागे बारीक अक्षरांत — दाण्यांचा अंश असू शकतो.

त्याचा चेहरा...

मलाही विचारलं. मी म्हटलं, "तिची सुरी वेगळी असते."

शनिवार, ३१ मे

इथे तरी लिहू दे.

सोमवारी सुरी वेगळी नव्हती. बाहेर हॉर्न, बेव्हनची आरडाओरड, टोस्ट करपायला लागलेले. मी दहा जणांचे मॅकाडेमियाच्या लोण्याचे टोस्ट केले, तीच सुरी फडक्याला पुसली आणि तिचा अवोकाडो फासला. तिची सुरी हातभर अंतरावर होती. दिसत होती मला! मनात आलंही — धुवावी. मग आलं, पुसलीय ना.

तिला टोस्ट देताना म्हटलं, पळ.

बुधवार, ११ जून

त्या बाईला मी खोटं सांगितलं नाही. सुरी वेगळी *असते*. हे रोज स्वतःला सांगते. तेरा दिवस झाले.

सेमिसी न्याहारीला येत नाही. आज खोलीवर डबा घेऊन गेले. कॉटवर बसला होता, हात मांडीवर.

"मावशी, तिने विचारलं होतं मला. यात दाणे आहेत का? मी वाचलंच नाही. नाहीत म्हणालो."

मी डबा ठेवला. "तुझा दोष नाही," म्हटलं.

"मग कुणाचा?"

उत्तर माझ्या तोंडात होतं. डबा तिथेच ठेवून आले. भित्री! पन्नाशी उलटली तरी भित्री.

गुरुवार, १९ जून

बेव्हन सेमिसीला परत पाठवतोय. "शिक्षा नाही ग, व्हर्ना. पण बाकीचे त्याच्या शेजारी बसत नाहीत. आणि असा शिडीवर चढला तर उद्या तोच पडेल."

हंगाम अर्धाही झाला नाही.

रविवार, २२ जून

गेला. गाडीत बसण्याआधी मला मिठी मारली. म्हणाला, "तुम्ही एकट्याच धड बोललात माझ्याशी."

शनिवार, ५ जुलै

सिग्नेचे वडील आले. आस्गर. उंच, वाकलेले, तिच्यासारखेच निळसर डोळे. सामान घ्यायला आलेत, उद्या दुपारी परत. बेव्हनने त्यांना मळा दाखवला, ते झाड दाखवलं. मग ते एकटेच स्वयंपाकघरात आले.

"ती इथे कुठे बसायची?"

खिडकीजवळचा बाक दाखवला. बसले. बराच वेळ बसले.

"तिला देत होता तसा टोस्ट मला करून द्याल?"

दिला. पाव भाजला, अवोकाडो कुस्करला, लिंबू पिळलं. मीठ दोनदा पडलं. त्यांनी सगळा खाल्ला, खारट झालेला, कडांसकट. मग मोबाइल काढला आणि तिने पाठवलेलं वाचून दाखवलं, थांबत थांबत, आमच्या भाषेत आणत —

"बाबा, काळजी करू नका. इथे स्वयंपाक करणाऱ्या एक मावशी आहेत. माझी सुरीसुद्धा वेगळी ठेवतात. घरी आईसुद्धा एवढं करत नाही."

मान खाली घालून हसले ते. मग म्हणाले, "त्या टोंगाच्या माणसावर मला राग धरायचा नाही. पण जमत नाही. झोपताना रोज त्याचं तोंड कसं असेल, याचा विचार करतो."

मी भांडी घासायला वळले. घासलेलीच होती.

रविवार, ६ जुलै

सांगितलं. ते गाडीत बसायच्या आधी, समोर उभं राहून. सगळं.

आस्गर ओरडले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. एवढंच म्हणाले — "त्या माणसाला कळवलंत?"

टोंगाला फोन लावला. बायकोने उचलला, त्याला बोलावलं. परत सगळं सांगितलं.

"सहा आठवडे," सेमिसी म्हणाला. फोन मात्र ठेवला नाही त्याने. मीही नाही. पैसे संपून तोच तुटला.

पोलीस ठाणं रविवारीही उघडं असतं. निघते.