धुक्यातला होकार

३ नोव्हेंबर
लागलो एकदाचा कामाला! टोलेडोत बेकरी झाली, बफेलोत गोदाम झालं, आता क्लीव्हलँडात पूल. कायाहोगा नदीवरचा सहा नंबरचा, शंभरी गाठलेला. दोन मनोऱ्यांमधला अख्खा रस्ता वर उचलला जातो, आणि त्या रस्त्याच्या मधोमध माझी केबिन. पुलाबरोबर मीही वर! शेजारच्या दगडी पुलाच्या पोटातून पूर्वी ट्राम जायची म्हणे. ते बघत बसलो नि पहिल्याच दिवशी वीस मिनिटं उशीर. लॉटी झुपान, आमची मुकादमीण, म्हणाली की फिरायलाच आला असशील तर बस पकड.

काम सोपं आहे. जहाज भोंगा देतं, एक लांब, एक छोटा. आपण तसाच दिला की कबूल, मग पूल उचलायचा. पाच छोटे म्हणजे नाही. मात्र जहाज डोळ्यांना दिसल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हे तिने तीनदा बजावलं.

५ नोव्हेंबर
सकाळी दाट धुकं. बटाटा भरलेल्या पियेरोगी खात होतो, तेवढ्यात भोंगा. एक लांब, एक छोटा. हात आपसूक गेला; हाकेला ओ देतोच माणूस. पूल उचलून बारा मिनिटं थांबलो. जहाज आलंच नाही. गाडीवाल्यांनी माझ्या आईचा उद्धार केला. लॉटीच्या शिव्या खायची तयारी होती, पण तिने हळूच विचारलं,

"दिसलं होतं?"

नाही म्हणालो.

"मग हो कुणाला म्हणालास?"

६ नोव्हेंबर
जेवायला बसलो तर सगळे टेबलावरून उठले. शेवटी अर्ल ह्रूबी बोलला. तो काठावरच्या इंजिनघरात असतो. म्हणाला, ते जहाज कधीच बुडालंय. हो म्हणणाऱ्याला तीन दिवसांत न्यायला येतं. तो पळाला तर त्याच पुलावरच्या दुसऱ्या कुणालातरी नेतं. अर्लचा भाऊ तसाच गेला. मी हसलो. तो हसला नाही.

७ नोव्हेंबर
लख्ख ऊन, नदी रिकामी, आणि भोंगा. परवाच्यापेक्षा जवळ. पाच छोटे दिले. पुन्हा भोंगा. पुन्हा पाच. थांबेना.

उद्या सकाळची डेट्रॉइटची बस. कोट केबिनमध्ये राहिलाय, तेवढा घेतला की सुटलो.

८ नोव्हेंबर, सकाळ
कोट घ्यायला चढलो आणि पूल उचलला. मी नाही. अर्लने, इंजिनघरातून. इथली कळ दाबतोय, काही होत नाही.

फोन केला. लॉटीने घेतला. म्हणाली, "अर्लच्या घरी चार तोंडं आहेत, पोरा. तुझं कोण आहे?"

मी आठवत राहिलो. तिने ठेवून दिला.

सव्वानऊ
भोंगा खालून नाही. समोरून येतोय. नदी शंभर फूट खाली आहे, आणि आवाज माझ्या खिडकीच्या —

खाली दोन्ही फाटकांशी माणसं. लॉटी पाठ करून उभी. कुणीच वर बघत नाही —

साडेनऊ
दिसलं. गंजलेलं नाक. हवेत. पाणी गळतंय त्यातून. कठड्याला चार माणसं, पाचव्याची जागा सोडून —

एक लांब, एक छोटा. उत्तर मागतायत.

नाही देणार. पाच छोटे देतो —

उजव्या हाताने लिहितोय. डावा भोंग्याच्या दांड्यावर. मी ठेवला नव्हता तिथे —

लांब दिला त्याने. माझ्याच हाताने. छोटा नाही देणार. दातांनी धरलाय हात. छोटा नाही दे