कोपरा फाटलेलं कार्ड

महाल, नागपूर
ता. १४ ऑगस्ट १९३८

ती. सौ. रंभावहिनीस,
सत्यवतीचा सा. न. वि. वि.

गेला वं वहिनी, नर्सिंगचा अर्ज एकदाचा गेला! शाळेतल्या लतिकाने आणि मी आपापला अर्ज बरोबरच दवाखान्यात नेऊन दिला. लिहिताना हाताचा धक्का लागून टेबलावर दौत कलंडली. अर्ज वाचला हेच नशीब.

उत्तरासाठी पत्ता मुद्दाम आपल्या कुहीच्या घरचा दिला आहे. मामांच्या हाती ते पत्र पडलं तर संपलंच. परवा ते मामीला सांगत होते की दुसऱ्यांची घाण धुणारी पोरगी कोणी सून म्हणून नेत नाही. उमरेडच्या त्या बिजवराकडे त्यांनी पुन्हा माणूस पाठवलाय. पंचेचाळिशीचा आहे, तीन लेकरं आहेत, आणि दिवाळीच्या आत उरकायचं म्हणतात. प्रवेश मिळाला तर मामांना थोपवीन असं दादाने मला वचन दिलंय. नाही मिळाला तर तो तरी काय बोलणार? म्हणून बोलावणं आलं की घरात ठेवू नकोस, शालिकराम ड्रायव्हरच्या नागपूरच्या मोटारीवर लतिकाच्या घरी पाठव.

तयारी जोरात आहे. मेट्रनबाई म्हणे विचारतात, ताप किती चढला की डॉक्टरांना बोलवाल, रोगी जेवत नसेल तर काय कराल. पलंगाच्या चारही पायांना मी पट्ट्या बांधून पाहिल्या. मामी विचारत होती, पलंगाला झालं तरी काय?

दादाला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
सत्यवती


कुही
ता. २० ऑगस्ट १९३८

चि. सत्यवतीस,
रंभाचे अ. उ. आ. वि. वि.

तुहं पत्र पोचलं. अक्षर तूच शिकवलं मले, आता वाकडं दिसलं तर तुह्याच माथी. कोंबडी कापाले घेतली की घर सोडून पळणारी तू, नर्स कशी होशील वं? तुहे दादा अन् मी पोट धरून हासलो. पण झालीस ना, तर पहिलं औषध मलेच दे. कंबर लई धरून राहिली हाय.

तुह्या सरकारी कागदावर मी डोळा ठेवून हाय. पोस्टमन गल्लीत दिसला की हातातलं टाकून दारात जातो.

माह्या मायची तब्येत बरी नाही. वर्ध्याहून माह्या दादानं लिहिलं की पोटात अन्न ठरत नाही. जीव तिकडंच लागून राहिला. पण आजवर महालक्ष्म्या तुह्या काकूबाई बसवत होत्या, यंदा पहिल्यांदा माह्या हाती देल्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सारं मलेच पाहणं हाय. महालक्ष्म्या उठल्या की वर्ध्याले जाईन म्हणतो.

मेट्रनबाईसमोर नखं खाऊ नको. माया आहे तशीच राहू दे.

तुही वहिनी
रंभा


महाल, नागपूर
ता. ३१ ऑगस्ट १९३८

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

लतिकाला बोलावणं आलं. दोन सप्टेंबर, सकाळी दहा वाजता. माझं काय झालं गं? आलं का? नसेल आलं तर नाही म्हणून तरी दोन ओळी लिही. बोलावण्याशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत, लतिकाच्या वडिलांनी विचारून पाहिलं.

माझा अर्जच नामंजूर झाला असणार. इंग्रजीत दोन ठिकाणी खोडलं होतं मी. इथे मामींच्याही महालक्ष्म्या आहेत. लुगडं नेसवायला घेतलं तर निऱ्याच धड पडेनात. मामा आज फार खुशीत आहेत, उमरेडहून निरोप आलाय म्हणे.

पत्राची वाट पाहते. विसरू नकोस मला.

सत्यवती


कुही
ता. ५ सप्टेंबर १९३८

चि. सत्यवतीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुहं बोलावणं आलं होतं. तीस तारखेलेच आलं. मी लपवलं.

सांगतो, मग काय म्हणायचं ते म्हण. पोस्टमननं कार्ड हातात देल्लं. कोपरा फाडलेला. आपल्यात कोपरा फाडलेलं कार्ड कशाचं असते ते तुले ठावं हाय. पत्ता इंग्रजीत होता. माह्या दादाले रेल्वेत लागल्यापासून पत्ता इंग्रजीत लिहायची खोड हाय. मी धरूनच चालली की माय गेली. कार्ड उलटून पायलं नाही. कानावर येत नाही तवर सुतक लागत नाही म्हणतात. वाचलं असतं तर तीन दिवस मी बाजूले अन् महालक्ष्म्या पेटीतच. पहिल्याच वर्षी माह्या हातून खंड पडला असता. म्हणून कार्ड गोठ्याच्या छपरात खोचून देल्लं.

चार दिवस मी तशीच वावरली. पुरण वाटलं, सवाष्णींच्या ओट्या भरल्या, सगळ्यांशी हासून बोलली. मनात मेलेली माय घेऊन देवीपुढं आंबील ठेवली. पूजेच्या दिवशी तुहं पत्र आलं. मी मनात म्हटलं, नाही आलं वं बाई तुहं कार्ड. अन् ते तिथंच होतं, गाईच्या डोक्यावर.

महालक्ष्म्या उठल्यावर आंघोळ करून कार्ड घेतलं, उलटून पायलं तर आतलंही सारं इंग्रजीत, म्हणून शाळेतल्या केशव मास्तराकडं गेली. त्यायनं वाचून सांगितलं की यात कोणी मेलं नाही, सत्यवतीले दोन तारखेले बोलावलं हाय. मी हासलीच वं आधी! माय जिवंत हाय म्हणून हासली. मग तारीख ध्यानात आली, अन् तिथंच ओसरीवर बसली. देवीलेही फसवलं, तुलेही बुडवलं. तुहे दादा दोन दिवसांपासून माह्याशी बोलत नाहीत. बोलू नये त्यायनं.

कार्ड सोबत पाठवतो. माया ठेव असं लिहाले हात होत नाही.

रंभा


महाल, नागपूर
ता. ९ सप्टेंबर १९३८

ती. सौ. वहिनीस,
सत्यवतीचा सा. न. वि. वि.

हे पत्र दादाला मोठ्याने वाचून दाखव.

तो कोपरा मी फाडला, वहिनी. अर्जासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं कार्ड जोडायचं होतं, दवाखाना त्याच्यावरच उत्तर लिहितो. दौत कलंडली तेव्हा त्या कार्डाच्या कोपऱ्यावर शाईचा मोठा डाग पडला. मेट्रनबाईंना घाण दिसू नये म्हणून मी तो टोक धरून नीट फाडून टाकला. दुसरं कार्ड चौकातल्या पोस्टात मिळत होतं, तरी आणलं नाही. कुहीत जन्मले आणि माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही की हे कार्ड तुझ्या हातात पडणार आहे. ते माझ्या हातचं आहे एवढंही मी तुला कळवलं नव्हतं.

आणखी वाईट सांगते. तुझ्या पाकिटातून कार्ड निघालं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की हे कोणालाच कळणार नाही. वहिनी दोष आपल्यावर घेऊन बसलीच आहे, बसू दे. पुरा एक दिवस मी तशीच गप्प राहिले. स्वतःची लाज वाटते मला.

काल कार्ड घेऊन दवाखान्यात गेले. ते पाहून फाटकावरच्याने सोडलं. मेट्रनबाईंनी उशिराचं कारण विचारलं. मी सारं सांगितलं, कोपरा, महालक्ष्म्या, गोठ्याचं छप्पर, सगळं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. ताप, पट्ट्या, काहीएक विचारलं नाही. एकच विचारलं, की त्या बाईंची आई आता कशी आहे.

वहिनी, मला सांगता येईना. तू वीस तारखेलाच लिहिलं होतंस की तिच्या पोटात अन्न ठरत नाही. त्यानंतर मी तुला पत्र लिहिलं, त्यात माझंच रडगाणं. रोगी जेवत नसेल तर काय कराल याचं उत्तर मी घोकत होते, आणि तुझी आई जेवत नव्हती, तर एका शब्दाने विचारलं नाही. मी मेट्रनबाईंसमोर रडले. त्यांनी सांगितलं की एक जागा अजून आहे, एकोणीस तारखेला त्या प्रश्नाचं उत्तर घेऊन ये, मग नाव लिहू.

घरी येऊन मामांना मीच सगळं सांगितलं. ते ताटावरून उठून गेले. जाऊ देत.

पण जागेसाठी नाही विचारत, खरंच नाही. तुझी आई कशी आहे वहिनी? काय खाते? झोप लागते का? तू गेलीस का वर्ध्याला?

मला क्षमा करता आली तर कर.

सत्यवती


वर्धा
ता. १४ सप्टेंबर १९३८

चि. सत्यवतीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुहं पत्र तुह्या दादानं दोनदा वाचलं, मग स्वतःच मले इथं घेऊन आले. माय लई वाळली, पण उठून बसते. काल पेज पोटात ठरली. आज महालक्ष्म्यांच्या प्रसादाचा लाडू मागितला, अर्धा खाल्ला. मी चार दिवस तिले मेलेली धरलं होतं, हे सांगितलं तवा म्हणते, पुरण तरी चांगलं झालं होतं काय वं?

हे मेट्रनबाईले जसंच्या तसं सांग.

या कार्डाले हळद मायनं आपल्या हातानं लावली. चारही कोपरे पाहून घे, मगच वाच.

तुही वहिनी
रंभा