गुंजीचा खुंटा

२८ जून १९९९

कुमुदवन्संना पार्वतीचा रामराम. पत्रास कारण की, तुमचं पत्र परभणीला जाऊन मग हिकडं आलं. आता पत्त्यावर जिल्हा हिंगोली लिहीत जावा. जिल्हा नवा झाला, पोस्टमन जुनाच हाय, त्याची सवय मोडता मोडंना.

वैजनाथ पुण्याहून येऊन गेला. त्याच्या डोळ्यादेखत गुंजी गायीनं खुंटा उपटला अन् हिरासिंगच्या रानात शिरली. सोयाबीन नुकतं दोन पानांवर आलेलं. हिरासिंग शेजारधर्माचा माणूस, रागं भरला न्हाई. उलट म्हणला की पुढं गाय, गायीमागं बाई अन् बाईमागं मी, बघणाऱ्याला वाटंल वरातच निघाली. पण वैजनाथ हसला न्हाई. जाताना त्यानं सांगून टाकलं, की दिवाळीला मी येतो, तवा गाय बाजारात जाईल अन् आई, तू माझ्यासंगं पुण्याला. तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर हाय. माझ्यासाठी खाट घेऊन ठेवली म्हणला.

वन्सं, लेक वाईट न्हाई, सूनही वाईट न्हाई. पण मी तिथं दिवसभर काय करू? हितं माझं घर हाय, रान हाय, गुंजी गाभण हाय. तुमचे दादा गेल्यापासून तिच्या हंबरण्यानंच मी उठते.

खुंटा बाभळीचा हाय, दादांच्या हातचा, चांगला मांडीएवढा जाड. रोज सकाळी मी गुंजीचे पाय धुते, ते पाणी खुंट्याच्या बुडाशी घालते, हळदकुंकू लावते. नेमात कसर न्हाई, तरी तो उपटतोच. तुमी कान्व्हेंटात शिकल्या. तिथं गाय बांधायचं शिकवत नसतील, तरी डोकं चालवा अन् लवकर कळवा.

माया हाय ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
पार्वती

*

औरंगाबाद
९ जुलै १९९९

ती. पार्वतीवहिनींस, कुमुदचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना आधी हसू आलं, मग काळजी वाटली. गुंजी गेली की तुम्ही जाणार आणि तुम्ही गेलात की मला माहेर उरणार नाही. तेव्हा यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

कान्व्हेंटात गाय बांधायला शिकवत नव्हते, पण तंबू बांधायला शिकवत होते! बाबांची रेल्वेची नोकरी सिकंदराबादला, म्हणून मी तिथे शिकले आणि दादा आजोबांजवळ शेतीवर राहिला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शाळेत आम्हा मुलींचं गाइडचं पथक होतं. दर हिवाळ्यात माळावर शिबिर असायचं. आमच्या सिस्टर अ‍ॅग्नेस पांढरा झगा खोचून हातात मोगरी घ्यायच्या आणि दाखवायच्या, की खुंटी सरळ ठोकू नका. ओढ जिकडून येणार, त्याच्या उलट बाजूला तिला कलवा. आणि दोर खुंटीच्या डोक्याशी नाही, जमिनीलगत बांधा. एकदा माझ्याच खुंटीपायी तंबू आमच्या अंगावर आला आणि आम्ही सगळ्याजणी आत अंधारात खिदळत बसलो. तेव्हापासून ते धडे मी विसरले नाही.

आता सांगा, दावं तुम्ही खुंट्याला वर बांधता ना? मग गुंजी त्याला हलत्या दातासारखी हलवत असणार. ती गोल फिरली की दावं गुंडाळलं जातं, आखूड होतं आणि मग ती वर हिसडा देते. लोहाराकडून गरगर फिरणारी कडी करून घ्या, म्हणजे पीळ पडणार नाही.

आणखी एक. तुम्ही गाय तीन ठिकाणी बांधता. घराजवळ काळ्या मातीत, पावसाळ्यात मुरमाच्या माळावर आणि पुढे पूर ओसरला की कयाधूच्या वाळूत. तिन्ही मातींना एकच खुंटा कसा चालेल? तिन्ही ठिकाणची माती मला डब्यांतून पाठवा. हसू नका. निवृत्त मास्तरीण आहे, वेळ भरपूर आहे.

पायांची सूज कशी आहे ते लिहिलं नाहीत. आठवण ठेवा, आणि राग आला तरी पत्र टाका.

तुमची,
कुमुद

*

२ ऑगस्ट १९९९

कुमुदवन्संना पार्वतीचा रामराम.

माती सेनगावच्या एसटीनं, कंडक्टरच्या हाती पाठवली, ती मिळाली म्हणून कळलं. काय हाय म्हणून त्यानं विचारलं, तर मी म्हणले औषध. त्यानं डबा हुंगून पाहिला अन् म्हणला, कडू असंल.

माळावर तुमची युक्ती लागू पडली. मुरमात लाकूड शिरतच न्हाई, म्हणून जुनी पहार गायीच्या उलट अंगाला कलवून ठोकली, दावं बुडाशी बांधलं. ग्यानबा लोहारानं फिरती कडी करून दिली. गुंजीनं दिवसभर ओढून पाहिलं. संध्याकाळी माझ्याकडं अशी बघून राहिली, जशी मी तिची सवत हाय.

पण घराजवळच्या काळ्या मातीत जमलं न्हाई. तिथंही खुंटा कलवला, दावं खाली बांधलं, तरी पाऊस उघडून जरा ऊन पडलं की हलायला लागतो. परवा पुन्हा निघाला. त्यात मला जरासं खरचटलं, हळद लावली, बरं हाय. हिरासिंग तिथंच व्हता म्हणून गाय लगेच धरली. वैजनाथला कळवायचं न्हाई असं त्याला बजावलं हाय. पण त्याच्या पोटात काही राहत न्हाई, तेवढा एकच दोष त्याच्यात.

पायाची सूज हाय तशीच. तुमच्या गुडघ्याचं काय? मोहाचं तेल पाठवू का?

जीव लावता तसा लावत राहा.

पार्वती

*

पुणे
१६ ऑगस्ट १९९९

ती. आत्यास, वैजनाथचा सा. न. वि. वि.

लहानपणापासून तुझा शब्द मी खाली पडू दिला नाही, म्हणून हे लिहायला जड जातंय. तू आईला खुंट्याचे नवे नवे प्रकार कळवते आहेस. कृपा करून थांबव.

तिनं तुला काय लिहिलं मला माहीत नाही. हिरासिंगकाकांनी गावातून फोन करून मला सगळं सांगितलं. खुंटा निघाला तेव्हा आईनं दावं हाताला गुंडाळलं होतं. गाय उधळली आणि तिला फरपटत विहिरीपर्यंत घेऊन गेली. आपल्या विहिरीला कठडा नाही, तुला ठाऊक आहे. काकांनी आईच्या कमरेला मिठी घातली, म्हणून ती काठावर थांबली. तिचे पाय आत लोंबकळत होते, आत्या.

मला हिरासिंगकाकांच्या सोयाबीनचं काही नाही. गायीचंही नाही. माझी आई त्या विहिरीत जाऊ नये, एवढंच आहे. ती मला बोलू देत नाही, विषय बदलते, जेवलास का विचारते. तू मोठी आहेस. तू तिला समजाव.

तब्येतीला जप. तुझ्या मायेची वाट पाहणारा,

वैजनाथ

*

औरंगाबाद
५ सप्टेंबर १९९९

ती. पार्वतीवहिनींस, कुमुदचा सा. न. वि. वि.

जरासं खरचटलं! वहिनी, आधी भांडते, मग बाकीचं लिहिते. मला वैजनाथाकडून सगळं कळलं. पत्र हातात घेऊन मी कितीतरी वेळ ओट्याशी नुसती उभी होते, दूध उतू गेलं तरी कळलं नाही. यापुढे दावं हाताला गुंडाळायचं नाही. गाय गेली तर जाऊ दे, पीक गेलं तर जाऊ दे, तुम्ही हात सोडायचा. मला तसं वचन द्या, नाहीतर मी पत्र लिहिणार नाही. (लिहीनच, पण तुम्ही तसं समजा.)

वैजनाथाला मी कळवलं आहे, की दिवाळीपर्यंत थांब. तोवर काळ्या मातीतला खुंटा पक्का झाला नाही, तर मी स्वतः तुमचं बोचकं बांधायला येईन आणि त्याच्या बाजूने बोलेन. हे मी रागाने लिहीत नाही. त्याचं म्हणणं खरं आहे.

आता मातीचं सांगते. गच्चीवर तीन कुंड्यांत तुमच्या तीन माती भरल्या आणि प्रत्येकीत विणकामाची एक सुई रोवली. कामवाली म्हणाली, बाई, यातून स्वेटर उगवणार काय? मुरमातली सुई घट्ट. वाळूतली चटकन निघाली. तिथे मी सुतळी बांधून एक काडी आडवी पुरली, तर ती वाळूच्या भारानेच धरून राहिली. म्हणजे नदीकाठी वाळू भरलेली गोणी आडवी पुरा आणि तिच्या मध्याला दोर बांधा.

काळ्या मातीची गोष्ट वेगळी. कुंडी म्हटली की मला पाणी घालायची सवय, तशी मी तिला रोज घालत होते. मग मैत्रिणीकडे चार दिवस राहून आले आणि पाहते तो सुईभोवती बोट जाईल एवढी भेग! सुई नुसती उभी होती, कुणी धरलेलीच नव्हती. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. जिथे रोज भिजते, तिथे रोज फुगते आणि आकसते.

वहिनी, हे कसं लिहावं कळत नाही. तुम्ही रोज गुंजीचे पाय धुऊन पाणी खुंट्याच्या बुडाशी घालता. मी तुमच्या नेमाला नावं ठेवत नाही. पण खुंटा मला वाटतं त्या पाण्याने सैल होतो. ते पाणी दुसरीकडे घालाल का?

आणि लाकूड ठोकूच नका. काहीतरी जड आणि पसरट खोल पुरायला हवं. खोल मातीला ऊन कमी लागतं, ती तेवढी आकसत नाही.

रागावलात तरी मला दूर करू नका.

कुमुद

*

२६ सप्टेंबर १९९९

कुमुदवन्संना पार्वतीचा रामराम.

तुमचं पत्र वाचून मी लई रागावले. दोन पोळ्या करपवल्या. ज्या खुंट्याला तुमच्या दादांचा हात लागला, त्याला मी रोज पाणी घालते अन् तुमी म्हणता त्या पाण्यानंच तो सैल झाला? मंग तुमच्यावर रुसून गुंजीपुढं बोलत बसले. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं अन् पदर चघळला.

दुसऱ्या दिवशी पाणी घातलं न्हाई. पाय धुतले, तांब्या हातात घेऊन उभी राहिले, कुठं ओतू सुचंना. शेवटी लिंबाच्या झाडाला घातलं. खुंट्याला नुसतं कुंकू लावलं. हात मागं येताना तकलीफ झाली, खोटं काहून सांगू. पण ऊन पडल्यावर खुंट्याभवती भेग दिसली, ती तुमी लिहिली तशीच बराबर. बाकीच्या अंगणात तेवढी मोठी भेग न्हाई. मंग मी खाली बसले अन् हसले.

जड अन् पसरट म्हणून काय पुरावं, तर घरात जुनं जातं पडून व्हतं. गावात गिरणी आल्यापासून त्याच्यावर कोंबडी बसती. ग्यानबानं वरच्या तळीच्या भोकातून लोखंडी सळई घातली, खालून जाड चकती अडकवून टोक वाकवलं अन् वर फिरती कडी. हिरासिंगनं खड्डा खणला, चांगला कमरेएवढा. तळी आडवी बसवली, माती थोडी थोडी घालून आमी ती मुसळानं ठासली. खड्डा विहिरीपासून लांब, गोठ्याच्या मागल्या अंगाला घेतला. कडी जमिनीबराबर, पायात काही अडकत न्हाई. हिरासिंग म्हणला, बाई, दळायचं सोडलंत तरी जात्याला सुट्टी दिली न्हाई तुमी.

पाऊस आला, गेला, ऊन पडलं. कडी जागची हलली न्हाई. पण आता पुढं आश्विनातलं ऊन हाय. रानाला भेगा पडतील, तवा खरं कळंल. मला झोप लागत न्हाई, वन्सं. वचन दिलं, दावं हाताला गुंडाळणार न्हाई.

दादांचा खुंटा मी गोठ्यात उभा करून ठेवला हाय.

रुसवा गेला. तुमीही धरू नका.

पार्वती

*

२४ नोव्हेंबर १९९९

कुमुदवन्संना पार्वतीचा रामराम. पत्रास उशीर झाला, त्याचं कारण शेवटी सांगते.

रानाला भेगा पडल्या, हात जाईल एवढ्या. कडीच्या अंगानंही एक गेली. पण तळी खाली व्हती तिथंच राहिली. नदीकाठची गोणीही टिकली, गुंजी तिथं निवांत चरून राहिली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी वैजनाथ आला, संगं हिंगोलीचा एक गुरांचा व्यापारी. मी चहा टाकला. वैजनाथनं बॅगही खाली ठेवली न्हाई, सरळ गोठ्यामागं गेला. कडी हातानं हलवली. मंग दावं काढून आपल्याच कमरेला बांधलं अन् बैलासारखा ओढायला लागला. तोंड लाल झालं. पाय घसरून शेणात बसला. व्यापारी हसला, हिरासिंग हसला, मीही तोंडाला पदर लावला. हिरासिंगनं आपले बैल आणले, जोडीनं ओढून पाहिलं. दोर तुटला, कडी न्हाई.

वैजनाथ तसाच शेणात बसून राहिला. म्हणला, आई, मला सपनात तुझे पाय दिसतात, विहिरीत लोंबलेले. वन्सं, मी त्याला कधी बोलूच दिलं न्हवतं. त्या दिवशी त्याच्याजवळ बसले अन् सगळं बोलू दिलं. जेवलास का म्हणून विचारलं न्हाई.

व्यापाऱ्याला चहा पाजून त्यानंच वाटंला लावलं. दिवाळीचे सगळे दिवस तो अन् हिरासिंग विहिरीला कठडा बांधत राहिले. भाऊबिजेला पुऱ्या खाल्ल्या त्या सिमिटाच्या हातानं. तुमचा वाटा डब्यात ठेवला हाय. खाट पुण्याला तशीच राहील म्हणला. उन्हाळ्यात महिनाभर मी तिच्यावर झोपायला जाणार हाय, तवा गुंजीला हिरासिंगची सून बघंल. जायच्या तिकिटाबरोबर यायचंही काढ, असं मी त्याला सांगितलं. तो कबूल झाला.

सेनगावला त्याला गाडीत बसवायला गेले. गाडी हलली तवा खिडकीतून म्हणला की आई, तू आत्याला एवढं लिहितेस, मला एक पत्र टाकशील का? इतकी वर्षं घर सोडून राहिला, पण असं कधी म्हणला न्हवता. मी आपली दर वेळी फोनवर जेवलास का म्हणून मोठ्यानं विचारायची अन् ठेवून द्यायची.

म्हणून तुमच्या पत्राला उशीर झाला, वन्सं. पहिलं त्याला लिहिलं. लई लांबलं ते.

जीव हाय तोवर ओढ ठेवा. गुंजी व्याली की खर्वस खायला या.

तुमची,
पार्वती